वीजबिलातले 85 सेंट

2019 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्याने एक कायदा केला. दोन अणुवीज केंद्रं बंद पडू नयेत म्हणून घरगुती ग्राहकाच्या बिलावर महिन्याला जास्तीत जास्त 85 सेंट अधिभार. एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार? पण कारखान्यांसह सगळ्यांचे मिळून त्या केंद्रांना वर्षाला 15 कोटी डॉलर मिळणार होते. पुढच्याच वर्षी राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. हा कायदा व्हावा म्हणून फर्स्टएनर्जी या वीज उद्योगसमूहाकडून त्यांच्या ताब्यातल्या संस्थेला सुमारे 6 कोटी डॉलर पोचले होते. 2023 मध्ये त्यांना 20 वर्षांची शिक्षा झाली.

मग वीजकंपन्यांना राजकीय देणग्या देण्याची बंदीच करावी का? साबणाच्या कंपनीने उमेदवाराला पैसे दिले आणि ते आपल्याला खटकलं, तर आपण साबण बदलतो. विजेची तार बदलता येत नाही. एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी खांब रोवणं हा दुप्पट खर्च, म्हणून तिथे एकालाच मक्तेदारी मिळते. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. बाजार दर ठरवू शकत नाही, म्हणून नियामक ठरवतो. हिशेब सोपा आहे: चालवण्याचा खर्च जसाच्या तसा भरून मिळतो आणि नफा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर. समजा, परतावा 10 टक्के ठरला. 100 कोटी डॉलरच्या केंद्राला मंजुरी मिळाली की पहिल्याच वर्षी 10 कोटी आले. त्यापुढे लाखभराची देणगी म्हणजे किरकोळ खर्च! हर्वे अ‍ॅव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी 1962 मध्ये गणिताने दाखवलं की या पद्धतीत कंपनीचा कल गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याकडे झुकतो. आणि मंजुरी देणारा नियामक कायद्याने बांधलेला असतो. ते कायदे करतात निवडून आलेले लोक.

हा धोका जुनाच. अमेरिकेतल्या 1935च्या कायद्याने वीज क्षेत्रातल्या नोंदणीकृत होल्डिंग कंपन्यांना, म्हणजे इतर कंपन्यांची मालकी असलेल्या कंपन्यांना, राजकीय देणग्या देण्याची बंदी केली होती. 2005 मध्ये तो कायदाच रद्द झाला. केंद्रीय निवडणुकांत कोणत्याही कंपनीने उमेदवाराला थेट पैसे देण्यावर 1907 पासून बंदी आहे. राज्यांत मात्र ज्याचा त्याचा नियम. व्हर्जिनियात देणग्यांना मर्यादाच नाही, आणि तिथे डॉमिनियन ही वीजकंपनी मोठ्या देणगीदारांपैकी एक आहे. अशा देणग्या थांबवणारी विधेयकं तिथे वारंवार पडली.

पैसे भागधारकांचे, ग्राहकांचे नव्हेत, असं कंपन्या सांगतात. पण पैशावर रंग नसतो. केंद्रीय ऊर्जा नियामकाच्या 2022च्या लेखापरीक्षणात फर्स्टएनर्जीचा काही लॉबिंगचा, म्हणजे कायदे करणाऱ्यांना आपल्या बाजूने वळवण्याचा, खर्च चुकीच्या खात्यांत टाकलेला आढळला.

मला मात्र निव्वळ देणगीबंदी अपुरी वाटते. ओहायोतले 6 कोटी उमेदवाराला दिलेली देणगी म्हणून गेलेच नव्हते. देणगीदार जाहीर न करणाऱ्या संस्थेतून ते फिरले. 2023 मध्ये कोलोरॅडो, कनेटिकट आणि मेन या राज्यांनी म्हणूनच वेगळं टोक पकडलं: लॉबिंगचा खर्च ग्राहकांच्या दरात धरायचाच नाही. आणि ते 85 सेंट? वसुली सुरू होण्याच्या तोंडावर न्यायालयाने ती थांबवली आणि 2021 मध्ये विधिमंडळाने तो अधिभार मागे घेतला.