फाटलेल्या चित्राला ठिगळ: एरर कन्सीलमेंटची पार्श्वभूमी

अँटेनाच्या काळात सिग्नल बिघडला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. एक जण गच्चीवर दांडा फिरवायचा आणि खालून ओरडा व्हायचा, "आलं, आलं... गेलं!" पण मुंग्यांतूनही बातम्या कोण देतंय ते ओळखू यायचं. मग डिशच्या छत्र्या आल्या. आता पावसाळ्यात आधी लख्ख चित्र दिसतं, एकाएकी त्याचे चौकोनी तुकडे होतात, कुणाच्या गालावर मागच्या दृश्यातली हिरवळ चिकटते आणि शेवटी पडदा काळा होतो. डिशकडे येणाऱ्या कू बँडच्या रेडिओ लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात हे खरं, पण तुकडे का पडतात याचं उत्तर चित्र दाबण्याच्या, म्हणजे कमी माहितीत बसवण्याच्या, पद्धतीत आहे. आणि हे तुकडे झाकण्याच्या युक्तीला म्हणतात एरर कन्सीलमेंट.

ही पद्धत रुळली ती 1988च्या एच.261 या व्हिडिओ कॉलसाठीच्या मानकापासून. चित्राचे 16 बाय 16 बिंदूंचे चौकोन पाडायचे, मागच्या चित्रातला कुठला भाग किती सरकला ते सांगायचं आणि उरलेला फरक तेवढा पाठवायचा. तोही अशा लिपीत, की नेहमीच्या गोष्टीला आखूड खूण आणि क्वचितच्या गोष्टीला लांब. यात एक बिट जरी उलटला, तरी खूण कुठे संपली तेच डिकोडरला, म्हणजे या खुणांतून चित्र उलगडणाऱ्या यंत्राला, कळत नाही. पुढची ठरलेली खूणगाठ सापडेपर्यंत सगळा मजकूर निरर्थक. शिवाय पुढचं चित्र याच चित्रावर रेललेलं असल्याने डाग पुढे पुढे वाहत जातो.

उपग्रहावरच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या पहिल्या पिढीत माहितीच्या 188 बाइटच्या पाकिटाला चुका दुरुस्त करणारी 16 बाइटची राखण जोडतात. तिच्या बळावर 8 बाइटपर्यंतच्या चुका दुरुस्त होतात. नववा बाइट बिघडला की पाकीट गेलंच म्हणायचं. मुंग्यांच्या काळी चित्र उतारावरून हळूहळू घसरायचं, इथे थेट कडेलोट आहे.

हरवलेलं परत मिळणार नसेल तर झाकायचं, ही युक्ती मात्र जुनी. व्हिडिओ टेपवरचा लेप उडाला की यंत्र त्या जागी आधीची ओळ भरायचं. डिजिटल चित्रात सर्वांत सोपं ठिगळ म्हणजे मागच्या चित्रातला त्याच जागेचा चौकोन. बातम्यांना ते पुरतं. पण चेंडूमागे कॅमेरा धावला की ठिगळ उघडं पडतं. मग हालचालीचा अंदाज हवा, आणि तोही हरवलेल्या पाकिटातच असतो! 1993 मध्ये लॅम, राइबमन आणि लिऊ या संशोधकांनी मार्ग सुचवला: शेजारच्या चौकोनांच्या हालचाली उसन्या घेऊन पाहायच्या आणि ज्याने कडा उत्तम जुळतील तो तुकडा बसवायचा. चौकड्याच्या कापडाला ठिगळ लावताना शिंपी रेघा जुळवतो, तसंच. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना.

पाठवणाऱ्यानेही काळजी घ्यावी, हा विचार याच दशकात बळावला. एमपेग-2 या व्हिडिओच्या मानकात केवळ ठिगळासाठी हालचालीची जादा माहिती पाठवायची सोय झाली. एमपेग-4 या पुढच्या मानकात उलट्या बाजूनेही वाचता येणारी लिपी आली. 2003च्या एच.264 या मानकाने तर बुद्धिबळाच्या पटासारखी वाटणी आणली. काळी घरं एका पाकिटात, पांढरी दुसऱ्यात, म्हणजे एक हरवलं तरी प्रत्येक भोकाभोवती शेजारी शाबूत.

पण ही सोय टीव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोफाइलांत, म्हणजे मानकातल्या सोयींच्या ठरावीक संचांत, नव्हतीच, आणि 2013च्या एचईव्हीसी या पुढच्या मानकाने ती वगळली. तोवर वेबवरचा व्हिडिओ हरवलेलं पाकीट पुन्हा मागवू लागला होता. ठिगळाऐवजी गरगरणारं चक्र दिसू लागलं.

ठिगळ कसं लावायचं हे मानकं सहसा सक्तीने सांगत नाहीत. ते डिकोडर बनवणाऱ्यावर सोडलेलं असतं. म्हणून तोच खराब सिग्नल एका बॉक्सवर हिरवा गाल दाखवतो, तर दुसऱ्यावर चित्र थिजतं. व्हिडिओ कॉलला तर पाकिटासाठी फार थांबायलाही सवड नसते. तिथे बऱ्याचदा शेवटचं धड चित्र धरून ठेवतात आणि समोरून नवं पूर्ण चित्र मागवतात. ते येईपर्यंत आजीचा आवाज पुढे बोलत राहतो आणि चेहरा अर्ध्या जांभईत अडकलेला असतो.