मध्य-इंजिन स्पोर्ट्स कारचे इंजिन उतरवणे

चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे इंजिन असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारमधून इंजिन व गिअरबॉक्स बाहेर काढण्याची क्रिया. इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करणे, तेलगळती थांबवणे, क्लच बदलणे किंवा इंजिनकक्षातला गंज काढणे यांसाठी ती करावी लागते. इंजिन पुढे असलेल्या मोटारीत बॉनेट काढून चेन कप्पीने इंजिन वर उचलतात. मध्य-इंजिन मोटारीत बहुधा याच्या उलट होते : इंजिन व गिअरबॉक्सची जोडी खाली टेकवून मोटारीची बॉडीच तिच्यावरून वर घेतली जाते.

या मांडणीची पहिली मोटार कोणती, याबद्दल मतभेद आहेत. एडमुंड रुम्पलर यांनी १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडलेल्या थेंबाच्या आकाराच्या मोटारीत इंजिन मागच्या आसाच्या पुढे होते. तिच्यावरून बेंझ कंपनीने तयार केलेली शर्यतीची मोटार १९२३ साली मोंझा येथे धावली. काही लेखक खरी सुरुवात १९३४ नंतरच्या ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारींपासून धरतात. शर्यतीत ही मांडणी निर्विवाद ठरली ती मात्र कूपर या ब्रिटिश कंपनीमुळे. स्टर्लिंग मॉस यांनी १९५८ ची अर्जेंटिना ग्रां प्री कूपरमधून जिंकली आणि १९५९ व १९६० ची विश्वविजेतेपदे जॅक ब्रॅबहॅम यांनी त्याच कंपनीच्या मोटारीतून मिळवली. रस्त्यावरच्या मोटारींपुरते पाहिल्यास लॅम्बोर्गिनी मिउरा (१९६६) हिला लोकप्रिय लेखनात पहिला मान मिळतो. पोर्शेच्या पहिल्या ३५६ (१९४८) मध्येही इंजिन मागच्या आसाच्या पुढेच होते, पण ती एकच नमुना-मोटार होती. विक्रीसाठी नियमित बनवलेली मोटार हा निकष लावल्यास १९६२ ची फ्रेंच बॉने जेट हिचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

इंजिन खालून उतरवण्याची पद्धत कोठून आली, याचेही एकच उत्तर नाही. शर्यतीच्या मोटारींत मागचा सांगाडा सुटा करण्याची चाल होती. फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन चार मुख्य जोडांनी गिअरबॉक्सला धरलेले असते. ते सोडवून जॅकवर खाली घेतात. फोक्सवॅगन-पोर्शे ९१४ (१९६९–७६) हिचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन फोक्सवॅगनच्याच घराण्यातले असल्याने निदान या मोटारीपुरता दुसरा वारसा जवळचा दिसतो. पुढे पॉन्टिॲक फिएरो व फेरारी ३४८ यांत इंजिन उपसांगाड्यासह (इंजिन पेलणाऱ्या सुट्या चौकटीसह) खाली येते. फेरारी ३४८ व ३५५ यांचा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा ठरल्या वेळी उघडणारा पट्टा) बदलण्यासाठीही प्रचलित पद्धतीत इंजिन उतरवतात. काही मोटारींत मागचे झाकण काढून ते वरूनही निघते.

पुढील वर्णन मुख्यतः ९१४ ला धरून आहे. प्रथम बॅटरी सोडतात, इंजिन व गिअरबॉक्सचे तेल काढतात, पेट्रोलच्या नळ्या बंद करून सोडवतात. मग वायरिंगचे जुडगे रिले बोर्डावरून (विजेच्या जोडण्यांच्या फळीवरून), तसेच ॲक्सिलरेटर, क्लच व स्पीडोमीटरच्या केबली आणि स्टार्टरची जाड तार सुटी करतात. गिअरच्या दांड्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. गिअरबॉक्स इंजिनाच्याही मागे असल्याने हा दांडा इंजिनाची पूर्ण लांबी ओलांडून जातो. १९७२ पर्यंतच्या मोटारींत तो गिअरबॉक्सच्या शेपटाकडून आत शिरतो, १९७३ पासून बाजूने. तो सोडवायचा राहिला तर इंजिन खाली येताना वाकतो. चाकांकडे जाणारे शाफ्ट गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) ॲलन बोल्टांनी बांधलेले असतात. त्यांच्या षटकोनी खाचेत ग्रीस व माती घट्ट बसलेली असते. ती टोकदार तारेने खरवडून काढल्याशिवाय ॲलन की पूर्ण खोल जात नाही, आणि अर्धवट बसलेल्या कीवर जोर दिला की खाच गोल होते.

गिअरबॉक्स एकटा काढावा की इंजिनासह, यावर मिस्त्रींचे दोन पक्ष आहेत. केवळ क्लचसाठी गिअरबॉक्स मागे सरकवून काढणे शक्य आहे आणि वेळही वाचतो. परंतु त्याचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्समधून क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्यावर) लोंबकळले तर क्लच प्लेट वाकू शकते. जोडी एकत्र उतरवणे म्हणूनच अधिक सुरक्षित.

खरा धोका शेवटच्या टप्प्यात असतो. पुढचा आडवा दांडा व मागची दोन माउंटिंगे सुटली की मोटारीच्या मागच्या भागातले मोठे वजन एकदम जाते, गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि चुकीच्या जागी लावलेल्या घोड्यांवर (मोटार पेलणाऱ्या लोखंडी टेकूंवर) बॉडी नाकाकडे झुकते. नुसत्या जॅकवर पेललेल्या बॉडीखाली कोणीही जाऊ नये. इंजिन निघाल्यावर उजव्या कोपऱ्यातली बॅटरीची तबकडी आणि तिच्याखालचा सस्पेन्शनचा आधार तपासावा; झिरपलेल्या आम्लाने हा भाग कुजणे हे ९१४ चे प्रसिद्ध दुखणे आहे. जोडणी उलट क्रमाने होते.

नागपुरात अशा मोटारी विरळ. मात्र १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांखाली, पुढच्या आसाच्या मागे असते. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या या व्हॅनमुळे येथील मिस्त्रींचा हात खालून काम करण्याला सरावलेला आहे. अडचण जमिनीची असते. शहराच्या पश्चिम अंगाला बेसाल्टवरची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरची पातळ फरशी उंचसखल होते. घोडी लावण्याआधी तेथे जाड सिमेंट-काँक्रीटचा सपाट भाग निवडावा किंवा जाड लोखंडी पत्रा टाकावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या शहरात पेट्रोलच्या रबरी नळ्या लवकर कडक होतात. इंजिन बाहेर असतानाच त्या सगळ्या बदलणे श्रेयस्कर.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी मोटारींना ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळू शकते. इंजिन किंवा चॅसिसमध्ये मोठा फेरबदल केलेली मोटार तीत बसत नाही. म्हणून इंजिन उतरवल्यावर क्रँककेसवर (इंजिनाच्या मुख्य कवचावर) ठोकलेला क्रमांक आधी ब्रशने स्वच्छ करून नोंदणीपुस्तकाशी ताडतात आणि त्याचे छायाचित्र ठेवतात. त्या जागी सँडब्लास्टिंग किंवा घासकाम करू देत नाहीत.