२१४७४८३६४७ आणि चिन्हाचा बिट

२,१४,७४,८३,६४७ हा आकडा बहुतेकांच्या नजरेस पडतो तो कॉम्प्युटरमध्ये काहीतरी अडल्यावरच. २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याच्या व्हिडिओचे व्ह्यूज इथवर येऊन ठेपले, तेव्हा मोजणीसाठी जास्त बिट (० किंवा १ ठेवायच्या जागा) द्यावे लागले.

गणितवाल्यांची ओळख मात्र जुनी. २ चा ३१ वा घात वजा १ ही मूळ संख्या आहे, हे १७७२ मध्ये हातानेच सिद्ध झाले. तिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागून १ किंवा ६३ उरायला हवेत. एवढे हाती आले की ४६,३४० पर्यंतचा सगळा रगाडा उपसावा लागत नाही. पावणेचारशेच्या आत भागाकारांत काम उरकते. परिपूर्ण संख्या म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच होते ती. २१४७४८३६४७ पासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी बहुधा कधीच सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, असे १८११ मध्ये एका गणितज्ञाने लिहून ठेवले. १८७६ मध्ये त्याहून मोठी मिळालीच. आणि उपयोग? १९६९ मधली यादृच्छिक संख्यांची एक कृती पाहा: आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या. शून्य सोडून प्रत्येक बाकी एकेकदा येऊन जाते, मगच फेरा पुन्हा सुरू होतो. हे जमते ते ती मूळ आहे म्हणून.

२०३८ च्या घोळाशी (तेव्हा ३२ बिटांची जुनी घड्याळे भरून आकडा उण्यात जाईल) मात्र मूळ असण्याचा काडीचाही संबंध नाही. लोक उगाच सांगड घालतात. ३२ पैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला आणि उरलेल्या ३१ जागी १ भरले, की हाच आकडा. युनिक्स या कॉम्प्युटर प्रणालीचे १९७० पासूनचे सेकंद मोजणारे घड्याळ तिथे पोचेल १९ जानेवारी २०३८ ला, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३:१४:०७ वाजता.

तेव्हा मुळात चिन्ह ठेवलेच कशाला? यावर सुरुवातीपासून वाद आहे. चिन्ह नसते तर २१०६ पर्यंत निभावले असते. उलट बाजू म्हणते, उण्यात मोजून डिसेंबर १९०१ पर्यंत मागे जाता येते. प्रणालीच्या कर्त्यांपैकी एकाला पुढे विचारले, तर त्याने फार खोल विचार केला नव्हता हे कबूल केले; आपल्या हयातीतल्या वेळा त्यात मावल्या तर बरे, एवढेच त्याचे मत. मला तरी जुन्या तारखांचे समर्थन मागाहून चिकटवलेले वाटते. ज्या भाषेत प्रणाली लिहिली, तिच्यात त्या काळी चिन्हाविना पूर्णांक हा प्रकारच नव्हता. शिवाय त्याआधीचे घड्याळ सेकंदाचा साठावा भाग मोजायचे आणि त्याचे ३२ बिट सव्वादोन वर्षांत भरायचे. त्यापुढे ६८ वर्षे म्हणजे चैनच.

६४ बिटांत हीच मोजणी सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुरते. प्रणाल्या बदलल्या, पण जुन्या फायली आणि डेटाबेसमधले वेळेचे ३२ बिटांचे रकाने एकेक करून शोधावे लागतात.