चेसिसवरची चीर आणि काळ्या रानाची भेग

नानांची पिकअप चौदा वर्षांची झाली. रावेर तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून केळीचे घड भरून ती शेतरस्त्यावरून डांबरीवर येते, आणि या पहिल्या दोन किलोमीटरमध्येच तिचे सगळे हाल होतात. मागच्या हंगामात पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की खालून 'ठक्' असा आवाज यायला लागला. गिअरचा दांडाही हातात थरथरायचा. मिस्त्री गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "नाना, फाउंडेशनचं वेल्ड परत फाटलं!"

'परत' हा शब्द महत्त्वाचा आहे. इंजिन ज्या ब्रॅकेटवर बसतं (मिस्त्री त्यालाच फाउंडेशन म्हणतात), त्याचं चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लागलेलं वेल्ड दोन वर्षांत दोनदा मारून झालं होतं. दोन्ही वेळा चीर परतली ती जुन्या वेल्डच्या अगदी काठाला लागून. नानांचं म्हणणं, वेल्डिंगवाला कच्चा आहे. मला ते पटलं नाही. वेल्ड भरीव होतं, चीर त्याच्या शेजारच्या पत्र्यात होती.

लोखंड एका फटक्यात तुटायला फार मोठा जोर लागतो. पण त्याच्या निम्म्याहून कमी जोर लाखो वेळा दिला, तरी ते तुटू शकतं. यालाच धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हापासून हा प्रश्न इंजिनिअरांच्या डोक्यात बसला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेचे आस वर्षानुवर्षं फिरवून आणि वाकवून मोजमाप केलं आणि दाखवलं की किती जोर आहे याइतकंच तो किती वेळा येतो हेही मोजावं लागतं.

आता आपल्या गाडीचा हिशोब करू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांना, तासाभरात २ लाख ४० हजार धक्के. हे धक्के बारीक असतात, त्यांनी एकट्याने ब्रॅकेट फाटत नाही. खरा मार बसतो तो भरल्या गाडीने चढ घेताना. समजा इंजिन २०० न्यूटन-मीटर पिळ देतं आणि पहिला गिअर तो चौपट करतो. ८०० न्यूटन-मीटरचा हा पिळ मागच्या चाकांकडे जातो, तेव्हा तेवढ्याच जोराने इंजिन उलट बाजूला कलंडायला बघतं. दोन फाउंडेशनमध्ये अर्धा मीटर अंतर धरलं, तर एका बाजूला सुमारे १६०० न्यूटन, म्हणजे दीड क्विंटलहून जास्त जोर वर खेचतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच खाली दाबतो. बहुतेक पिकअपमध्ये पुढे जाताना उचलली जाते ती क्लीनरची, म्हणजे डावी बाजू. रिव्हर्सला हेच उलटं होतं. नानांची चीरही क्लीनरच्याच बाजूला होती.

हा धक्का मऊ करायला मध्ये रबर असतं. १९३१ साली अमेरिकेत प्लायमाउथ गाडीत इंजिन रबरावर बसवलं, तेव्हा ती एवढी मोठी सुधारणा वाटली की तिला 'फ्लोटिंग पॉवर' असं वेगळं नाव देऊन जाहिराती केल्या. पण रबर उष्णतेने आणि ऑइलने मरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरच पारा ४५ अंशांपुढे जातो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. नानांच्या गाडीचं रबर नखाने दाबलं तरी दबत नव्हतं. दबणारं रबर जो झटका थोडा वेळ घेऊन पोचवतं, तोच आता हातोड्यासारखा लोखंडावर बसत होता.

तरी चीर वेल्डच्या काठालाच का? उत्तर आपल्या काळ्या रानात आहे. एप्रिल-मेमध्ये माती सुकते, आकसते, पण खालचा थर तिला आकसू देत नाही. ती ताणली जाते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वेल्डिंगचंही तसंच. दीड हजार अंशांच्या आसपास वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि भोवतीचं थंड लोखंड त्याला धरून ठेवतं. जोड पूर्ण थंड झाला तरी आतला हा ताण तिथेच राहतो. गाडी एक किलोमीटरही न चालता वेल्डचा काठ आधीच ताणलेला असतो. त्यात त्या काठाशी बारीकशी खाच असते, आणि जोर अशा खाचेतच गोळा होतो.

किती गोळा होतो, हे १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस यांनी गणिताने मांडलं. गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. २० मिलिमीटर लांबीच्या फटीचं टोक ०.१ मिलिमीटर त्रिज्येचं असेल, तर तिथे ताण एकवीसपट. त्याच टोकाला ६ मिलिमीटरचं भोक पाडलं, तर तो पाचपटीच्या आसपास येतो. मिस्त्री लोक चिरेच्या टोकाला होल मारतात त्यामागे हेच गणित आहे. अडचण एवढीच, की डोळ्याला दिसणारं टोक हे खरं टोक नसतं. ते सापडायला रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी एक साधी रीत होती. भाग तेलात भिजवायचा, पुसायचा आणि वरून पांढरी खडूची भुकटी लावायची. चिरेत मुरलेलं तेल वर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ ओढतं. आम्ही डिझेल आणि फळ्याचा खडू वापरला. नानांना दोन बोटं वाटलेली चीर चार बोटं निघाली. (वेल्डिंगची ठिणगी पाडण्याआधी ते डिझेल पुसून पूर्ण सुकू द्यायचं, हे आवर्जून सांगतो.)

आता जुन्या दोन्ही दुरुस्त्या का फसल्या ते कळतं. चिरेवरून नुसतं वेल्ड फिरवलं होतं. चीर खाली तशीच होती, फक्त झाकलेली.

या वेळी मिस्त्रीने ग्राइंडरने जुनं सगळं वेल्ड खाल्लं आणि स्वच्छ लोखंड लागेपर्यंत इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच काढली. आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडली. वेल्डिंगची अर्थिंगची वायर अगदी कामाजवळ लावली, कारण दूर लावली तर करंट इंजिनाच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो. वेल्डिंगचे रॉड ७०१८ नंबरचे (कमी हायड्रोजन सोडणारे), तेही भट्टीत सुकवलेले. दमट रॉडमधून हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नवी चीर पाडतो. वेल्ड लाल असतानाच पाणी ओतायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती घातक आहे. झटकन थंड झालेलं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं. आम्ही ते आपोआप निवू दिलं.

मग काठ ग्राइंडरने गुळगुळीत केले. मला विचाराल तर सगळ्या कामात मोलाची पाच मिनिटं हीच. वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने बदलतं, म्हणजे ताण निम्मा झाला तर आयुष्य आठपट. वरून लावलेली पट्टी चौकोनी कापली नाही, टोकं निमुळती ठेवली. चौकोनी पट्टीची आडवी कड चेसिसवर नवी खाच करते आणि पुढची चीर तिथूनच निघते. चेसिसच्या वरच्या-खालच्या पात्याच्या कडेला वेल्ड लावलंच नाही. वाकताना सगळ्यात जास्त ताण त्या कडेवर येतो.

दोन्ही बाजूंची रबरं नवी टाकली. एकच बदललं तर नव्या-जुन्याचा ताल जमत नाही. हे सगळं झालं, कारण चेसिसचा पत्रा अजून जाड होता. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर, किंवा स्टिअरिंग बॉक्सपाशी चीर असेल, तर मी वेल्डिंगचं नाव काढू देणार नाही. तिथे तो भागच बदलायला हवा.

महिनाभर केळी वाहून झाल्यावर नानांनी स्वतः खाली सतरंजी टाकली. डिझेल लावलं, पुसलं, खडू घासला आणि टॉर्च धरून बराच वेळ बघत राहिले. खडू कोरडा होता.