पंचेचाळीस अंशांतला जुना लॅपटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नेहमीची मोफत अपडेट्स थांबवली, आणि जळगाव-धुळ्यातले कितीतरी धडधाकट लॅपटॉप बसल्या जागी ‘जुने’ झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१५ चा आय-५ कितीही पळत असो, तो यादीत नाही.

अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. जुन्या भागांचे बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, तिच्या कर्नलसोबतच (गाभ्यासोबतच) येतात. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू, हे लिनक्सचे हलके प्रकार, पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासून घ्या. तोवर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर मात्र थांबा, ते विंडोजसाठीच बनलेलं आहे.

वेग किती वाढेल? इथे आपला उन्हाळा आडवा येतो. प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून स्वतःच मंदावतो. पंखा किती उष्णता बाहेर टाकणार, हे चिप आणि खोलीतल्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७० चा. भुसावळात मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला आणि घरात ४० असेल, तर ५५ च उरतो. म्हणजे थंड होण्याची ताकद पाचव्या हिश्श्याने घटली. हलकी सिस्टिम मागच्या मागे कमी कामं करते, म्हणून कमी तापते. पण पंख्यात अडकलेली धूळ आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी, पण वाळलेली थर्मल पेस्ट कुठलंच सॉफ्टवेअर काढत नाही. आधी सर्व्हिसिंग करून घ्या. रॅम चार जीबी असेल तर आठ करा, आणि फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, न फिरणारी डिस्क) बसवाच. माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो: फिरणारी डिस्क विखुरलेला डेटा सेकंदाला शे-दीडशे वेळा शोधते, एसएसडी हजारो वेळा.

बॅटरी मेलेली आणि लाइट गेली, तर? लिनक्सची एक्स्ट-४ फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) आपल्या रचनेतला बदल आधी जर्नलमध्ये टिपते, आडत्याच्या कच्च्या वहीसारखा. लाइट आल्यावर ते बघून ती स्वतःला सावरते. सेव्ह न केलेलं पत्र मात्र जातंच.

इन्स्टॉल करताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर जुनं सगळं जातं. फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ दुसरीकडे उतरवून घ्या, आणि लोडशेडिंगची वेळ टाळूनच सुरुवात करा.