पार्श्वभूमी : पुण्यातला ‘ओळखी’चा धंदा

ओळख व्यवस्थापन करणारी पुण्यातली एखादी कंपनी नवा मजला घेते किंवा मोठी भरती काढते, तेव्हा बातमीत ‘सायबर सुरक्षा’ एवढंच छापून येतं. मग नातेवाईक विचारतात, म्हणजे अँटिव्हायरस का? विचारणारच. नव्वदच्या दशकात संगणकदुरुस्तीच्या दुकानातून निघून अँटिव्हायरसवर मोठी झालेली कंपनी याच शहरातली. या धंद्याचा पिंड मात्र वेगळा. आत काय घुसलं हे अँटिव्हायरस बघतो. इथे बघायचं ते आत कोण आलं, आणि आल्यावर कुठली कुठली दारं उघडू शकतो.

जुना इतिहास थोडक्यात. १९६१च्या सुमारास अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सामायिक संगणकाला पासवर्ड लागला. १९९३मध्ये माणसांची आणि खात्यांची यादी चाळायची पद्धत म्हणून एलडॅप आलं आणि विंडोज २०००बरोबर तशी यादी सांभाळणारी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी कचेऱ्यांत शिरली. पुण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं साल २००२. हिशेबातल्या मोठ्या घोटाळ्यांनंतर अमेरिकेने कायदा केला आणि अंतर्गत नियंत्रणांची जबाबदारी कंपन्यांच्या वरिष्ठांच्या गळ्यात बांधली. बिल कोण बनवतो, मंजूर कोण करतो आणि दोन्ही एकच माणूस तर करत नाही ना, हे ऑडिटरला दाखवणं भाग पडलं. ते दाखवणारी सॉफ्टवेअर बसवायचं आणि राखायचं काम हिंजवडीपर्यंत पोचलं. पुण्यातली बरीच मंडळी हा विषय तिथेच शिकली, दुसऱ्याच्या मालावर.

स्वतःचा माल आला तो नंतर, आणि अगदी बारक्या रूपात. छोटं कॉलेज, चर्च, नगरपालिका यांच्या साइट वर्डप्रेसवर किंवा ड्रुपलवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. मोठ्या कंपन्यांची ओळख-सॉफ्टवेअर त्यांच्या आवाक्याबाहेरची. त्यांना एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा, हवं होतं : टाका, सर्टिफिकेट (सही पडताळायचा डिजिटल दाखला) चिकटवा, कचेरीच्याच लॉगिनने साइट उघडा. असं प्लगइन विकायला विक्रेता लागत नाही आणि गुंतवणूकदारही लागत नाही. फुकटची आवृत्ती दुकानात ठेवायची, अडलेला गिऱ्हाईक आपण होऊन येतो. लागतो तो रात्री अडीचला उत्तर देणारा इंजिनिअर. तो पुण्यात भरपूर.

गोंधळ शब्दापाशी आहे, आणि मराठीत जरा जास्तच. ‘तिथे कुणी ओळखीचं आहे का?’ हा आपला प्रश्न शाळाप्रवेशापासून हॉस्पिटलातल्या खाटेपर्यंत सगळीकडे चालतो. सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनने अनेक साइट उघडणं, ही नेमकी हीच ओळख. ज्या साइटवर जायचंय तिला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो. ती तुम्हाला तुमच्या कचेरीच्या लॉगिन सर्व्हरकडे धाडते. तो तुम्हाला तपासतो आणि चिठ्ठी देतो : हा आमचा माणूस, आत सोडा. ही चिठ्ठी कशी लिहायची याचं एक प्रमाण म्हणजे सॅमल, ज्याची २००५ची दुसरी आवृत्ती अजून चालते. चिठ्ठी कुणासाठी आहे, कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे तिच्यावर असतं, आणि खाली सही.

चिठ्ठीचं सगळं बारकाव्यात असतं. एकदा आमच्याकडे रात्रपाळीत एका कॉलेजचं तक्रारीचं तिकीट आलं, सकाळपासून कुणालाच आत जाता येत नाही. दोन तास सर्टिफिकेट आणि पत्ते तपासण्यात घालवले. शेवटी चिठ्ठी उलगडून वेळा वाचल्या, तर ती देणाऱ्या सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. प्रत्येक चिठ्ठी ‘अजून लागू नाही’ म्हणून दारातून परत जात होती. घड्याळ लावलं, काम झालं. तिकिटावर कारण लिहिताना मलाच लाज वाटली. चूक उलट्या दिशेनेही होते. २०१२मध्ये संशोधकांनी सॅमल वापरणाऱ्या १४ प्रणाली तपासल्या, त्यांतल्या ११ फसल्या. पहारेकरी सही तपासत होता कागदाच्या एका भागावरची आणि नाव वाचत होता दुसऱ्याच भागातून.

आता वादाचा मुद्दा. केवळ चिठ्ठी विकणाऱ्याने स्वतःला ‘ओळख व्यवस्थापन’ म्हणवावं का? विकणारे म्हणतात, दारच नसेल तर पुढचं काय, आणि दीडशे माणसांच्या शाळेला त्यापुढचं लागतंच कुठे? बरोबर आहे. तरीही माझ्या मते ते नाव सुरुवातीच्या वर्षांत फुगवलेलंच होतं. खरं व्यवस्थापन सुरू होतं आत आल्यावर. धंद्याच्या भाषेत जॉइनर, मूव्हर, लीव्हर : नवा आलेला, जागा बदललेला, सोडून गेलेला. जॉइनरला सगळे सांभाळतात. लीव्हर निदान एचआरच्या यादीतून गळतो. सगळ्यात अवघड मूव्हर, म्हणजे कंपनीतच विभाग बदलणारा. तो जुन्या विभागाच्या किल्ल्या कंबरेला तशाच ठेवून नव्या घेतो, आणि दहा वर्षांत त्याच्याकडे असा जुडगा जमतो की बिल बनवणं आणि मंजूर करणं दोन्ही त्याच्याच हातात.

यावर उपाय म्हणून दर तिमाहीला अ‍ॅक्सेस रिव्ह्यू होतो, म्हणजे कुणाकडे कुठल्या किल्ल्या राहू द्यायच्या याची फेरतपासणी. मी पाहिलेली एक शीट चारशे ओळींची होती. मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी उघडली, पहिल्या ओळीत ‘मंजूर’ टाकलं आणि माउसने खालपर्यंत ओढलं. जेमतेम चाळीस सेकंद. ऑडिटरकडे गेलेला कागद मात्र निर्दोष होता.

देशी गिऱ्हाईक या भानगडीत शिरलं ते ऑगस्ट २०१८नंतर. पुण्यातल्याच एका शतकभर जुन्या सहकारी बँकेतून दोन हल्ल्यांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी भलतीच यंत्रणा ‘हो’ म्हणत राहिली आणि २८ देशांतून रोकड निघाली. हे चोरलेल्या पासवर्डाचं सरळ प्रकरण नव्हतं. पण मंजुरी देणाऱ्याला कोण ओळखतो, हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत गेला. त्याच ऑक्टोबरमध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेचे किमान नियम निघाले, २०१९च्या डिसेंबरअखेर त्यांच्या चार पायऱ्या झाल्या. प्लगइनवाल्यांना घरच्या अंगणात बाजार मिळाला.

पुढचं घाईघाईने घडलं. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतली मोठी घुसखोरी उघड झाली, तीत काही ठिकाणी चोरांनी चिठ्ठीवरच्या सहीची किल्लीच मिळवली होती. खोटी चिठ्ठी खरीच ठरली. एप्रिल २०२२मध्ये आपल्याकडे घटना सहा तासांत कळवायचा आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींची नोंद, १८० दिवस ठेवायचा आदेश आला. ऑक्टोबर २०२३मध्ये तर एका मोठ्या लॉगिन कंपनीच्याच ग्राहक-मदत विभागातून गिऱ्हाइकांची चालू सत्रं, म्हणजे आधीच झालेली लॉगिनं, उचलली गेली. मदतीसाठी पाठवलेल्या फायलींत ती जशीच्या तशी पडून होती. अशा फायली आम्हीही वर्षानुवर्षं मागवल्यात.

सध्याची वाढ माणसांच्या लॉगिनमधून कमी आणि यंत्रांच्या खात्यांतून जास्त आहे. बॅकअप चालवणारं खातं, रिपोर्ट ओढणारं खातं, आता आपण होऊन कामं उरकणाऱ्या एआय एजंटचं खातं. ती एचआरच्या यादीत नसतात आणि राजीनामा देत नाहीत. त्यांच्या शीटमध्ये ‘मालक कोण’ असा नवा रकाना आलाय. परवा एक भरलेली शीट आली, तर कित्येक ओळींपुढे एकच नाव. तो माणूस कंपनी सोडून तीन वर्षं झालीत.