सैल हँडब्रेक आणि त्याची घरच्या घरी दुरुस्ती

हँडब्रेक सैल झाला म्हणजे दोन सीटमधली दांडी नेहमीपेक्षा जास्त वर यायला लागते आणि एवढी वर येऊनही गाडी उतारावर नीट थांबत नाही. कागदोपत्री त्याचं नाव पार्किंग ब्रेक, पण गॅरेजात, सोसायटीत, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे हँडब्रेकच म्हणतात. पुण्यात पेठांमध्ये किंवा डेक्कनला गाडी लावणाऱ्याला वर्ष वर्ष पत्ता लागत नाही कारण तिथे सगळं सपाट, आणि मग कधीतरी बावधनला नाहीतर सहकारनगरच्या वरच्या अंगाला, किंवा एनआयबीएम रोडवरच्या कुणाच्या तरी बेसमेंटच्या रॅम्पवर गाडी उभी केली की ती गुपचूप मागे सरकते. दुरुस्ती अवघड नाही, साध्या हत्यारांत एका सकाळी होते. घोटाळा एवढाच होतो की सैलपणा हाताला दांडीत जाणवतो म्हणून लोक दांडीखालचा नट आवळून मोकळे होतात, आणि दोष बहुतेक वेळा असतो मागच्या चाकाच्या ड्रममध्ये.

आत काय असतं

दांडीच्या बुडाशी एक दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारा खटका असतो, दांडी ओढताना टक टक आवाज येतो तो त्याचाच, आणि बटण दाबलं की हा खटका सुटतो. दांडीपासून केबल निघते ती गाडीच्या पोटाखालून मागच्या दोन चाकांकडे जाते. वर स्थिर नळी आणि आत सरकणारी तार अशी ही केबल, सायकलच्या ब्रेकला असते तीच जात, अर्नेस्ट बाउडन यांनी 1896 मध्ये तिचं पेटंट घेतलं. दोन्ही चाकांना सारखा ओढ बसावा म्हणून मध्ये इक्वलायझर नावाची छोटी पट्टी असते. ड्रमच्या आत केबलचं टोक एका लिव्हरला अडकवलेलं असतं, तो लिव्हर दोन ब्रेक शू बाहेर फाकवतो, आणि शूवर चिकटवलेला लायनर ड्रमला आतून घट्ट बसतो. असा ड्रम ब्रेक लुई रेनॉ यांनी 1902 च्या सुमाराला कारमध्ये रुळवला आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांना अजून तोच आहे, अल्टो घ्या, वॅगनआर घ्या, टियागो घ्या.

या सगळ्यात ब्रेक ऑइलचा कुठेच संबंध नाही हे मुद्दाम लक्षात ठेवायचं. फूटब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, हँडब्रेक निव्वळ तारेवर, आणि तो तसा ठेवण्यामागचं एक कारण हेच की ऑइल गळून गेलं तरी गाडी धरून ठेवायला काहीतरी शिल्लक असावं.

धरायला किती हवं याचंही माप ठरलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच या ब्रेकविषयक नियमात भरलेली कार 20 टक्के चढावर आणि उतारावर फक्त पार्किंग ब्रेकवर थांबली पाहिजे, आणि हाताने ओढायचा जोर 400 न्यूटनच्या म्हणजे साधारण 40 किलोच्या वर जाता कामा नये. 20 टक्के म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, कोनात सांगायचं तर 11 अंशांच्या आसपास. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात डोंगरातल्या रस्त्याचा नेहमीचा चढ 5 टक्के आणि अगदी अपवाद म्हणून 7, म्हणजे धड हँडब्रेक असलेल्या गाडीला घाटात नुसतं उभं राहणं ही काही परीक्षाच नाही. कोथरूडच्या मागे वेताळ टेकडीवरची एआरएआय ही 1966 मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते, ब्रेकच्याही, त्यामुळे पुणेकरांना हे सगळं तसं घराजवळचंच.

सैल का होतो

पहिलं कारण लायनरची झीज. लायनर झिजला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, ते भरून काढायला लिव्हर जास्त फिरावा लागतो, म्हणजे केबल जास्त ओढावी लागते, म्हणजे दांडी वर येते. हे आपोआप भरून निघावं म्हणून ड्रममध्ये सेल्फ ॲडजस्टर असतो, काही गाड्यांत तो फूटब्रेक दाबला की एक एक दाता पुढे सरकतो, काहींत हँडब्रेक ओढला की. पण धूळ, लायनरची भुकटी आणि पावसाळ्याचा गंज यांनी तो आतल्या आत जाम होतो आणि मग झीज होत राहते, भरून काही निघत नाही. हे दुसरं कारण, आणि खरं तर सर्रास सापडणारं हेच.

तिसरं म्हणजे केबल ताणणं. नवीन केबल सुरुवातीला थोडी बसते, जुनी केबल आतून गंजते, एखादी तार तुटते. चौथं कारण दिसायला सारखंच पण जात वेगळी: व्हील सिलिंडर, म्हणजे फूटब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने हेच शू फाकवणारा ड्रममधला भाग, गळतो आणि ब्रेक ऑइल लायनरवर उतरतं. मग दांडी बरोबर उंचीवर थांबते, हाताला कडकही लागते, आणि गाडी मात्र धरत नाही. इथे नट कितीही आवळा, उपयोग शून्य. सिलिंडर बदलायचा आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलायचे, एकाच बाजूचे कधीच नाही.

आता नट आवळल्याने बिघडतं काय, तर हे. केबल बळेच ताणून ठेवली की ड्रममधला लिव्हर दांडी खाली असतानाही पूर्ण मागे जात नाही, शू थोडे फाकलेलेच राहतात, आणि त्यामुळे बऱ्याच गाड्यांत सेल्फ ॲडजस्टरला काम करायला जागाच उरत नाही. आठवडाभर हँडब्रेक मस्त लागतो. नंतर लायनर घासत राहतो, ॲव्हरेज पडतं, ड्रम तापतो, आणि काही महिन्यांनी फूटब्रेकचं पेडलही खाली जायला लागतं कारण मागच्या ब्रेकचं अंतर कुणी भरूनच काढत नाहीये. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'हँडब्रेक ॲडजस्ट केला' अशी ओळ असते तेव्हा बऱ्याचदा झालेलं काम एवढंच असतं, वरून चार फेरे.

आधी तपासायचं

सपाट जागेवर दांडी नेहमीच्या जोराने, म्हणजे साधारण 20 किलोचा हात लावून ओढायची आणि खटके मोजायचे. बऱ्याच गाड्यांत 4 ते 8 च्या दरम्यान धरलं पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच खरा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर जाऊ नका, दांडीखालचा स्विच पहिल्या खटक्यालाच तो लावतो, पकड किती आहे हे त्याला कळत नाही. उलट दांडी पूर्ण खाली असूनही दिवा पेटलेला राहिला तर ब्रेक ऑइलची पातळी बघा, अनेक गाड्यांत दोन्हींना एकच दिवा आहे, आणि ऑइल कमी होण्याचं कारण झिजलेले ब्रेक नाहीतर गळती. दोन्ही गोष्टी आपल्या विषयातल्याच.

काम कसं करायचं

जागा सपाट आणि कडक हवी, पेव्हर ब्लॉक खचलेले असतील तिथे जॅक लावूच नये. या कामात हँडब्रेक खाली ठेवावा लागतो, म्हणजे गाडी फक्त गिअरवर आणि विटांवर उभी, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून विटा किंवा लाकडी ठोकळे लावायचे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पहिला गिअर टाकून ठेवता येतो. ओम्नी, ईको, बोलेरो यांचं इंजिन मागची चाकं फिरवतं, त्यांना मागचं चाक हाताने फिरवून बघायला न्यूट्रलच लागणार, मग विटांवर सगळी भिस्त. मागची बाजू उचलून जॅक स्टँडवर ठेवायची. स्टँड नसेल तर चाक काढून काम करू नका, आणि असला तरी काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, यावर चर्चा नाही.

हत्यारांत पान्यांचा सेट, गोटी पाना, चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ब्रेक क्लीनरचा स्प्रे. मास्क घाला आणि ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसायची.

सुरुवात दांडीपासून, पण उलट्या दिशेने. कन्सोलचं मागचं झाकण किंवा कप होल्डर काढला की केबलचा नट दिसतो, बहुतेक ठिकाणी दहाचा पाना लागतो, हा नट आधी ढिला करायचा. म्हणजे केबलचा शूवर काहीच ताण राहत नाही आणि ड्रमची खरी अवस्था कळते. इथून पुढचं काम चाकाकडे.

ड्रम कधी नुसत्या एक-दोन स्क्रूवर असतो, कधी बेअरिंगसकट मधल्या मोठ्या नटवर. दुसरा प्रकार असेल आणि टॉर्कचा (नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा) पाना नसेल तर इथेच थांबून मेकॅनिकला बोलवावं, तो नट अंदाजाने आवळायचा नसतो. साधा ड्रम गंजाने चिकटला असेल तर त्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतात का बघा, बऱ्याच गाड्यांत त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने फिरवले की ड्रम स्वतः बाहेर येतो. हातोडा मारून नाही. आत लायनर किती उरलाय, कुठे ऑइलचा ओला डाग आहे का, ॲडजस्टर फिरतोय का, स्प्रिंग तुटलीय का, आणि हो, उलगडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंगा कुठली कुठे होती हे नंतर देवालाही आठवत नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी नमुना म्हणून शाबूत.

ॲडजस्टर साफ करून मोकळा केला की शू ड्रमला जवळ आणायचे. दातेरी चाकाचा ॲडजस्टर असेल तर ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर रबरी बूच असलेलं भोक असतं, त्यातून स्क्रू ड्रायव्हरने दाते सरकवायचे, चाक हाताने फिरवत राहायचं, घासायला लागलं की थोडं मागे घ्यायचं इतकं की चाक मोकळं फिरेल. स्वतः सरकणारा असेल तर ड्रम बसवून पेडल दहा-पंधरा वेळा दाबायचं, आतून टक टक ऐकू येतं आणि हळूहळू ते थांबतं, म्हणजे अंतर भरलं.

आणि आता शेवटी दांडीचा नट. अर्धा अर्धा फेरा आवळायचा, प्रत्येक वेळी दांडी दोनतीनदा ओढून सोडायची. पुस्तकातल्या खटक्यांवर दोन्ही चाकं सारखी अडकली पाहिजेत, दांडी पूर्ण खाली असताना दोन्ही अगदी मोकळी. एकच चाक अडकत असेल तर इक्वलायझर तिरका झालाय किंवा त्या बाजूची केबल नळीत जाम आहे. जाम केबलमध्ये ऑइल ओतून दोन दिवस बरं वाटतं, ती बदलणंच बरं. ड्रम बरोबर लावूनही नटचे आटे संपत आले आणि खटके कमीच होत नाहीत, तर केबल ताणलीय.

केबल आणि लायनर नाना पेठेत मिळतात, स्पेअर पार्टचा बाजार तिथलाच. काउंटरवर पहिला प्रश्न येतो 'दादा, मॉडेल कुठलं, साल काय?', आणि तो बरोबरच आहे कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक, व्हेरिएंटगणिक केबलची लांबी बदलते. जुनी केबल सोबत नेली की वाद मिटतो.

सगळं झाल्यावर खडकवासल्यापर्यंत एक चक्कर मारून यायचं, शक्यतो ब्रेक कमी वापरत, आणि उतरल्यावर मागच्या रिमजवळ हात न्यायचा. एक चाक दुसऱ्यापेक्षा तापलं असेल तर त्या बाजूला शू घासतोय. उताराची चाचणी मोकळ्या ठिकाणी, पाय ब्रेकच्या वरच ठेवून.

पावसाळा, डिस्क आणि बटणवाले

जून ते सप्टेंबर हँडब्रेक ओढून गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतो, सुरू करून निघताना मागून 'टक' होतं आणि मग सुटतो, कधीकधी सुटतच नाही. गणपतीला गावी जाताना एखादी गाडी सोसायटीत ठेवून जाणार असाल तर सपाट जागेवर गिअर टाकून, चाकांना विटा लावून हँडब्रेक खाली ठेवलेला चांगला. मात्र हे सपाट जागेपुरतंच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 प्रमाणे सार्वजनिक जागेत ड्रायव्हरशिवाय गाडी सोडताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. चढावर तोंड असेल तर पहिला गिअर, उतारावर असेल तर रिव्हर्स, आणि ऑटोमॅटिकमध्ये आधी हँडब्रेक मग 'पी', नाहीतर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खटक्यावर येतं.

मागच्या चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांचं तंत्र वेगळं. काहींत डिस्कच्या मधल्या वाटीत हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असतो, त्याला वरचीच रीत लागू. काहींत केबल थेट कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा चिमटा, ओढते, तिथे पॅड झिजलेत का आणि कॅलिपरचा लिव्हर पूर्ण मागे जातोय का एवढंच बघायचं. सिंहगडावरून उतरून पायथ्याशी लगेच गाडी लावली तर तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड थोडी सुटते, म्हणून अशा गाडीत एखादा खटका जास्त ओढावा. ड्रमचं याच्या उलट, तो थंड होताना शूवर आणखी घट्ट बसतो.

बटणवाला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक 2001 च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून मोठ्या प्रमाणावर कारमध्ये आला आणि आता आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींतही दिसतो. त्याला बहुतेक ठिकाणी दांडी नाही, केबल नाही, आवळायला नट नाही, मोटर स्वतःच पॅडची झीज धरून चालते, आणि पॅड बदलायचे तरी आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो, नुसता पिस्टन मागे दाबला तर मोटर खराब होऊ शकते. बॅटरी उतरली की ब्रेक सुटत नाही, मग सोसायटीतल्या कुणाची तरी जंप केबल.